बागुलबुवाला नाव द्या, रूप द्या



नागापूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नगरजवळचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळचं हे नागापूर. एमआयडीसीचे कारखाने अगदी शेजारी. यजमान तिसऱ्या पाळीला गेले, की सहा वर्षांचा मुलगा रात्री यंत्रांच्या आवाजाने दचकतो आणि आईला घट्ट धरून बसतो. "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल," असं आजी म्हणते, त्याने तर उरलीसुरली झोपही उडते. त्यातच शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रत्येक मुलाने स्वतः तयार केलेलं गोष्टीतलं पात्र होऊन यायचं आहे. "बाजारात राक्षसाचा तयार पोशाख मिळतो, तोच आणू का?" असं त्या विचारतात.

ताई, पोशाख आणू नका. तुमच्या दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे. मुलाला त्याचा राक्षस त्याच्या हाताने घडवू द्या.

जरा आठवून बघा, बागुलबुवा दिसतो कसा? आपल्याला लहानपणी कितीदा त्याची भीती घातली, पण त्याचे डोळे, कपडे, चाल कुणी सांगितली का? तो नुसता अंधारात असतो. रूप नाही म्हणूनच तो भिववतो. आता त्याच्या शेजारी रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चिंची चेटकीण उभी करा. आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि 2018 साली नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं तेव्हा वैभव मांगले यांनी ती रंगवली. चेटकीण खरी, पण 'चिंची' म्हणताना तोंड आपोआप हसरं होतं की नाही? त्यात बाईच्या वेषात उंच पुरुष! मुलं किंचाळतात आणि हसतातही. नावाने आणि सोंगाने भीतीतली अर्धी हवा काढून घेतली.

नगरशी नातं असलेली दुसरीही एक चेटकीण आहे बरं का. इंग्रजीतले प्रसिद्ध विनोदी लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म 1918 साली अहमदनगरला झाला. वडील ब्रिटिश फौजेत होते. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी स्वतःच्या मुलांसाठी हाताने लिहून, चित्रं काढून एक गोष्ट तयार केली. ती 1973 साली पुस्तकरूपाने निघाली. टिम आणि रोझ ही भावंडं हरवलेली गाय शोधायला निघतात आणि त्यांना भेटते बॅडजेली चेटकीण. 'बॅड' म्हणजे वाईट आणि 'जेली' म्हणजे ती लिबलिबीत गोड जेली! ही बया पोलिसाचं चक्क सफरचंदाचं झाड करून टाकते. वडिलांनी घरातल्या पोरांसाठी रचलेलं हे पात्र, पण आज ती जगभरच्या मुलांची झाली आहे.

तर मग आपण कसं करायचं? दुपारी, उजेडात, कागद-खडू घेऊन बसा आणि मुलाला चार गोष्टी विचारा.

पहिली, नाव. भीती वाटते त्या आवाजातूनच नाव काढा. यंत्र कसं वाजतं? खडखड? मग तो झाला 'खडखड्या'. नाव दोनतीनदा मोठ्याने हाक मारून बघा. जीभ अडखळली नाही, आणि हाक मारताना हसू आलं, की नाव जमलं.

दुसरी, रूप. लांबून ओळखू येतील अशा तीनच खुणा ठरवा. जास्त केल्या की सगळा गोंधळ होतो. खोक्याचं डोकं, चाळणीचा डोळा, सुतळीच्या मिश्या. घरात सगळं सापडतं. वरून तुमची जुनी साडी गुंडाळली की पोशाख तयार. खोक्याला डोळ्यांची भोकं मोठी ठेवा आणि नाकातोंडापाशी हवा खेळू द्या.

तिसरी, सवय. तो रात्रीचा का फिरतो? हे उत्तर मुलालाच देऊ द्या, घाई करू नका. कदाचित तो म्हणेल, खडखड्यासुद्धा बाबांसारखा तिसऱ्या पाळीला जातो आणि त्याचा डबा हरवला आहे! मग यंत्र वाजलं की तुम्ही विचारायचं, "सापडला का रे त्याचा डबा?"

चौथी, त्याला न जमणारी एक गोष्ट. सगळं जमणारा राक्षस गोष्टीला निरुपयोगी असतो. खडखड्याला उंबरा ओलांडता येत नाही, किंवा कढीचा वास आला की तो पळतो, असं काहीही चालेल. मुलाच्या हाती एक किल्ली मात्र हवी.

दोन पथ्यं पाळा. शेजारच्या काकूंचं नाव राक्षसाला देऊ नका. काळा रंग, लंगडा पाय, तिरळा डोळा यांना वाईटपणाची खूण करू नका. वर्गात तसं एखादं लेकरू असतं आणि ते घरी जाऊन रडतं. आणि चेटकीण फक्त गोष्टीतच असते, हे मुलाला स्पष्ट सांगा. जित्याजागत्या बाईला चेटकीण ठरवून किती जणींचे हाल झाले आहेत! अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने आपल्या राज्यात गुन्हा आहे.

सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांना त्यांच्या आईने तसंच झोपवलं असेल. उलट खडखड्याला मिश्या किती लांब हव्यात, ते त्यांनाच विचारा. एकदा त्यांचा हात लागला, की बागुलबुवाचं नाव घरातून आपोआप जाईल.

इतकं करूनही महिना-दोन महिने झोप लागत नसेल, अंथरूण ओलं होऊ लागलं असेल किंवा मुलगा दिवसाही गप्पगप्प राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला लाजू नका. भीती हा हट्ट नव्हे.

संमेलन झाल्यावर खोकं रद्दीत टाकू नका. बाबा तिसऱ्या पाळीला जातील त्या रात्री ते दाराशी ठेवा. राखण करायला खडखड्या आहेच. आणि हो, तुमच्या घरी कोण जन्माला आलं, ते नावासकट कळवा हं!