शंभर एमबीपीएस, तरी गेम अडकतोच!

पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचं एनएम-१ हे डेटा सेंटर सुरू झालं. देशातल्या सगळ्यात मोठ्या डेटा सेंटर्सपैकी हे एक. म्हणजे इंटरनेट जिथे अक्षरशः राहतं, असं एक घर आपल्या शेजारी आहे. आणि तिथून काही किलोमीटरवर खांदा कॉलनीत किंवा कामोठ्यात रात्री दहा वाजता कुणीतरी हेडफोनमध्ये ओरडत असतं, ‘थांबा रे, माझं नेट गंडलंय!’ समोरची टीम थांबत नाही. मॅच जाते.

यावर घराघरांतला ठरलेला उपाय म्हणजे प्लॅन वाढवणं. ५० चा १०० करा, १०० चा २०० करा. आईबाबांच्या मागे लागून दर महिन्याला जास्तीचे पैसे भरायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच रडगाणं. आमचं म्हणणं स्पष्ट आहे: हे पैसे बहुतेक वेळा वाया जातात.

कारण गेमला स्पीड फारसा लागतच नाही. बीजीएमआय किंवा व्हॅलोरंट खेळताना लागणारा डेटा यूट्यूबच्या एचडी व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी असतो. गेमला तो वेळेवर हवा असतो. तुम्ही बटण दाबलं, सर्व्हरला कळलं, उत्तर परत आलं. या एका फेरीला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदांत मोजतात. हीच फेरी कधी २० ची, कधी १८० ची व्हायला लागली की तो जिटर. डेटाचे तुकडे वाटेतच हरवले की पॅकेट लॉस. एमबीपीएस म्हणजे एसटीत सीटा किती, आणि पिंग म्हणजे ती पोचायला वेळ किती. सीटा कितीही वाढवा, गाडी कळंबोली सर्कलला अडकली की सगळेच अडकले. व्हिडिओ पुढचा भाग आधीच भरून ठेवतो, म्हणून त्याला चालून जातं. गेममध्ये पुढचं अजून घडलेलंच नसतं, भरून काय ठेवणार?

मग गाडी अडकते कुठे? आधी सेटिंगमध्ये सर्व्हर कुठला आहे ते बघा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. त्या हिशेबात पनवेल ते मुंबई जाऊन-येऊन एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. मधली यंत्रं वेळ खातात ते वेगळं. मुंबईपासून सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे तिथला सर्व्हर असेल तर पिंग ४० च्या आसपास सुरू होणार. ते कमी करणं कुठल्याच कंपनीच्या हातात नाही.

पण खरी कोंडी होते ती शेवटच्या दहा मीटरमध्ये, आपल्याच घरात. वाय-फायचा जुना २.४ गिगाहर्ट्‌झ पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना खुला आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार फ्लॅट, सात मजले, म्हणजे अठ्ठावीस राउटर या तीन लेनमध्ये. वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. रात्री दहाला सगळी बिल्डिंग ऑनलाइन असते, त्यामुळे तुमची गोळी रांगेत उभी राहते.

५ गिगाहर्ट्‌झमध्ये लेन भरपूर आहेत आणि २०१८ मध्ये सरकारने तो पट्टा आणखी मोकळा केला. पण भिंती त्याला पटकन गिळतात. आणि आपल्याकडे राउटर लागतो कुठे? वायर जिथून घरात आली तिथे, दाराच्या वर किंवा टीव्हीच्या मागे. केबलवाल्याची सोय होते, तुमची नाही. म्हणून सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय जुनाच आहे, साधी लॅन केबल. काही शे रुपयांत येते, भाड्याच्या खोलीतही भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने नेता येते. मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी टाइप-सीचं लॅन अडॅप्टर मिळतं. दिसायला गबाळं दिसेल, दिसू द्या.

दोष कुणाचा हे ठरवायला मात्र एक परीक्षा कराच, आणि ती अडकतं त्याच वेळी करा. लॅपटॉपवर दोन कमांड विंडो उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. राउटरचंच पिंग उड्या मारत असेल तर गडबड घरातल्या वाय-फायची. राउटर एक-दोन मिलिसेकंदांवर शांत आणि बाहेरचं उसळतंय, तर लाइनकडे संशय. त्याआधी घरातल्या कुणाचा फोन फोटोंचा बॅकअप टाकतोय का तेही बघा. अपलोड भरलं की राउटरमध्येच रांग लागते आणि बिचाऱ्या कंपनीला उगाच शिव्या बसतात.

कंपन्यांना एवढंच सोडून द्यावं असं मात्र नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात एमबीपीएस, पिंगचं नाव नाही. ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये काढलेल्या सेवेच्या दर्जाच्या नियमांत ब्रॉडबँडसाठी लेटन्सी आणि पॅकेट गळती हे निकष आहेत. मग प्लॅनच्या पानावर ते आकडे का नकोत? ‘गेमच तर आहे’ हे उत्तरही आता जुनं झालं. हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ई-स्पोर्ट्‌सला पदकं होती, आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशांच्या गेम्सवर बंदी घालतानाच ई-स्पोर्ट्‌सला मान्यता दिली. शिवाय याच जिटरने ऑनलाइन व्हायवा आणि इंटरव्ह्यूमध्येही आवाज तुटतो. तिथे रीमॅच नसते.

तेव्हा फोन करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. स्लो म्हटलं की ते स्पीड टेस्ट करायला सांगतात, आणि ती छानच येते. ‘राउटरपर्यंत पिंग स्थिर आहे, पुढे उसळतंय’ असं सांगा, वेळ दिसेल असे दोन्ही विंडोंचे स्क्रीनशॉट पाठवा, तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. आणि माणूस पाठवणार असतील तर रात्री दहाचा मागा. सकाळी अकराला लाइन नेहमी ठणठणीत असते.