गोंगाट आणि विद्या

नौपाड्यांत गोंगाट वाढला ही तक्रार आतां इतकी जुनी झाली आहे कीं, ती ऐकणारासहि कंटाळा येतो. सायंकाळीं गोखले रस्त्यानें जो एकदां गेला आहे त्यास अधिक सांगणें नको. परंतु लोक या गोंगाटास केवळ त्रास समजतात, हानि समजत नाहींत, हें आम्हांस चुकीचें वाटतें.

हानि कशी होते तें न्यूयॉर्कच्या एका प्राथमिक शाळेंत दिसून आलें. इमारतीलगतच्या उंच पुलावरून दर साडेचार मिनिटांनीं आगगाडी जात असे आणि सुमारें अर्धा मिनिट शिक्षकांचें बोलणें खुंटत असे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या विदुषींनीं सहकाऱ्यासह १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत रुळांकडील वर्गांतील मुलें शांत बाजूच्या मुलांहून वाचनांत मागें आढळलीं. सहाव्या इयत्तेंत तर हें अंतर जवळजवळ एका वर्षाचें होतें. पुढें रुळांखालीं रबराच्या गाद्या आल्या, वर्गांस नाद शोषणारें छत बसलें, आणि १९८१ सालच्या पाहणींत तें अंतर उरलें नव्हतें. मुलें मंद नव्हतीं, एवढें तरी यावरून उघड होतें.

शरीराचें म्हणाल, तर अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी मोठ्या आवाजानें एकदां मेल्या म्हणजे मनुष्यांत त्या पुन्हां उगवत नाहींत. झोपमोड आणि रक्तदाब हीं निराळींच.

कायदा नाहीं असें कोणी म्हणूं नये. २००० सालच्या नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. (दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होते, हें गणित विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं घरीं समजावून द्यावें.) ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१६ मध्यें, ध्वनिक्षेपक वापरणें हा कोणत्याहि धर्माचा आवश्यक भाग नव्हे, असा निर्णय दिला. शाळांभोंवतीं १०० मीटर शांतता क्षेत्र धरण्याची पद्धतहि होती. पण २०१७ सालीं नियम बदलून, सरकारनें जाहीर केल्यावांचून तसें क्षेत्र मानूं नये, असें ठरलें!

मिरवणुकींतील ढोलताशांस दोष देणें सोपें. ते दिवस मोजके. शाळेच्या फाटकाशीं रोज जो हॉर्नचा गजर चालतो, तो कोण करतो? पुढची रिक्षा पांच पावलें सरकावी म्हणून आम्ही पालकच ना? वाहन दूरच्या वळणावर उभें करून मुलास आणावयास पायीं यावें, असें आमचें मत आहे. उन्हांत चार पावलें अधिक पडतील, हें खरें. पण सकाळचें सत्र सुटतें तेव्हां दुपारच्या सत्राचीं मुलें आंत बाकांवर बसूं लागलेलीं असतात.