हमीपत्रानंतर जबाबदारी कोणाची?

लग्नसराईत बालविवाह रोखल्याची बातमी आपल्या हिंगोली जिल्ह्यात हमखास असते. बालकांच्या मदतीसाठीच्या 1098 या क्रमांकावर फोन जातो, ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि पोलीस मांडवात पोचतात. मुलगी 18 वर्षांची होईपर्यंत लग्न लावणार नाही, असं हमीपत्र आईवडील लिहून देतात. खाली सह्या, अंगठे, पंचांची नावं. मुलगी पुन्हा शाळेत गेली, की पैनगंगेपलीकडे मामाच्या गावी गुपचूप अक्षता पडल्या, हे बघायचं काम मात्र त्या कागदावर कोणाच्याच नावे नसतं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 18 च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात 21.9 टक्के होतं, हिंगोलीत 37 च्या आसपास. कार्यक्रमांची इथे वाण नाही. बाल संरक्षण कक्ष आहे, बालकल्याण समिती आहे, गावोगावी समित्या आहेत, स्वयंसेवी संस्था तळमळीने राबतात. पण संस्थेचा प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतो आणि तेरा वर्षांच्या मुलीला अजून पाच वर्षं काढायची असतात. कार्यकर्ती गाव सोडते तेव्हा तिच्या वहीतली मुलींची यादीही तिच्याबरोबर जाते. 2023 मध्ये 1098 ची सेवा संस्थांकडून शासनाकडे आली. ते योग्यच असेल, पण घराघरांतली ओळख शासन आदेशाने हस्तांतरित होत नाही.

शिवाय शासन आणि संस्थांच्या या भागीदारीत साखर कारखाना आणि मुकादम कुठेच नाहीत. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या तांड्यांवरून टोळ्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर. एकट्या पोराला जोडी मिळाली की उचल वाढते, आणि वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची ही आईची धास्तीही खरी असते. हे कारण बाजूला ठेवून शाळेत बालविवाहाविरुद्ध शपथ घ्यायला लावण्यात काय हशील?

म्हणून जिल्हा प्रशासनाने संस्थांशी करार करताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: मुलींची नोंदवही गोपनीयता राखून गाव समितीच्या ताब्यात राहील, प्रत्येक हमीपत्रावर मुलगी 18 ची होईपर्यंत दरमहा भेट देणाऱ्या व्यक्तीचं नाव असेल, संस्था बदलली तर जुने-नवे कार्यकर्ते काही महिने एकत्र काम करतील. आणि दसऱ्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, मुकादम व कारखान्याच्या प्रतिनिधींना बैठकीला बोलवावं. मागे राहणाऱ्या मुलींसाठी हंगामी वसतिगृहाची सोय त्याच बैठकीत ठरावी.

– एक शिक्षिका, कळमनुरी (जि. हिंगोली)