जुनीं नाणीं आणि सराफाची मूस

पुण्याच्या दिनकर केळकर यांनीं अडकित्ते, दिवे, दौती जन्मभर वेंचल्या आणि तो सारा संग्रह, दिवंगत पुत्र राजा याचें नांव देऊन, १९७५ सालीं सरकारच्या स्वाधीन केला. ह्या औदार्याइतकेंच आम्हांस त्यांच्या दृष्टीचें कौतुक वाटतें. ती दृष्टि नसती तर काय गमावतें, हें नाण्यांवरून कळावें. नाशिकजवळ जोगळटेंभीस १९०६ सालीं नहपानाचीं १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं निघालीं. पैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला! शिलालेखांतील क्षत्रपविजयास धातूची साक्ष मिळाली. तीं मुशींत गेलीं असतीं, तर? मसुऱ्यास भरतगडाखालीं एखादी शिवराई सांपडली, तरी व्यापारीबंधूंनीं ती मोडींत घेऊं नये. सांपडल्याचें स्थळ टिपावें व कलेक्टरास कळवावें. दहा रुपयांवरील भूमिगत निधीविषयीं १८७८ चा कायदाही हीच वर्दी मागतो.