काल प्यालो, असे म्हणता आले पाहिजे



आमच्या हातून एक चूक घडली. ती या स्तंभातून सांगावी की नाही, याचा विचार आम्ही पुष्कळ दिवस करीत होतो. परंतु दुसऱ्यांना "मोकळेपणाने बोला" म्हणून सांगायचे आणि आपले मात्र झाकून ठेवायचे, हे बरे नव्हे. म्हणून आज आधी आमचेच सांगतो.

नांदेडला आम्ही राहतो त्या वस्तीत, विहारामागच्या खोलीत, दर रविवारी सायंकाळी दारू सोडू इच्छिणाऱ्यांची बैठक भरते. मिस्त्रीकाम करणारे, ऑटो चालविणारे, मोंढ्यात पोती उचलणारे, महानगरपालिकेत सफाईचे काम करणारे असे दहा-पंधरा जण येतात. सुरुवातीची दोन वर्षे ही बैठक आम्ही अगदी कचेरीसारखी चालविली. एक रजिस्टर घातले. प्रत्येकाच्या नावापुढे दारू सोडून किती दिवस झाले, त्याचा आकडा. आकडा वाढला की टाळ्या. वर्ष पुरे झाले की चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात सर्व वस्तीसमोर हार, शाल आणि सत्कार.

सेंट्रिंगचे काम करणारा एक बांधव असाच वर्षभर दारूला शिवला नाही. त्याचा सत्कार झाला. "याचा आदर्श घ्या," असे माईकवरून आम्हीच बोललो. त्यानंतर अकराव्या दिवशी एका बांधकामावर स्लॅब पडला. स्लॅबच्या दिवशी मजुरांना दारू पाजण्याची अनेक ठेकेदारांची रीत आहे. सोबत्यांनी आग्रह केला आणि याने एक ग्लास घेतला. दुसऱ्या दिवशी रविवार. तो बैठकीला आला, नावापुढचा आकडा वाढवून घेतला आणि खाली मान घालून बसला. आम्ही टाळ्या वाजविल्या.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारपासून तो दिसेनासा झाला. आम्ही घरी जायचो, तर तो मागच्या दाराने निघून जायचा. लिव्हर आधीच खराब झालेले होते. त्याच वर्षी वर्षावास संपण्याआधी कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि तो गेला. मागे बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

पुढे एक दिवस त्याची पत्नी आम्हाला म्हणाली, "दादा, मालकानं मला तिसऱ्याच दिशी सांगितलं होतं. मी म्हनलं, बैठकीत सांगा. तर म्हनले, लोकांनी हार घातलाय, आता कोणत्या तोंडानं सांगू?"

त्या बाईने आम्हाला दोष दिला नाही. पण आम्हाला जे कळायचे ते कळले. आमची बैठक चांगली बातमी ऐकण्यासाठी होती. वाईट बातमी सांगायला तिच्यात जागाच ठेवली नव्हती. आम्ही पेशाने कारकून. हिशेबात चूक झाली तर पान फाडायचे नसते, खाडाखोडही करायची नसते. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून, शेजारी खरा आकडा लिहून सही करायची असते, हे आम्ही रोज कचेरीत पाळतो. तेवढी सोय आम्ही त्या माणसाला दिली नाही.

आपल्या समाजात ही अडचण जरा अधिकच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. त्यामुळे आपल्याकडे पिणाऱ्याला नुसते वाईट वाटत नाही, आपण प्रतिज्ञा मोडली म्हणून त्याला विहाराची पायरी चढायचीही लाज वाटते. घरातले लोक बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. शपथ मोडली की तो त्या फोटोसमोरही उभा राहत नाही, आणि मग गुत्त्याशिवाय त्याला बसायला दुसरी जागा उरत नाही.

परंतु या बाबतीत खुद्द भगवान बुद्धांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. दारूविषयीचा नियम कसा आला, त्याची हकिकत विनयात आहे. सागत नावाचे एक आदरणीय भिक्खू होते. कोसंबी नगरीतल्या उपासकांनी त्यांना प्रेमापोटी घरोघरी मद्य दिले. ते पिऊन सागत नगराच्या वेशीत पडले. बुद्ध तेथून चालले होते. त्यांनी सागतांना ओलांडून पुढे जाणे पसंत केले नाही; भिक्खूंना सांगून त्यांना उचलून विहारात आणले. सागतांना आपण कोठे आहोत याचे भान नव्हते, त्यांचे पाय बुद्धांकडे झाले होते. बुद्धांनी भिक्खूंना त्यांची अवस्था दाखविली, मद्याने माणसाचे काय होते ते समजावले आणि नियम घालून दिला.

आता हा नियम कोणत्या वर्गात बसविला, ते लक्षात घ्यावे. जो अपराध केला असता भिक्खू संघातून कायमचा बाहेर पडतो, त्यांत मद्यपान नाही. ते पाचित्तिय वर्गात आहे, आणि पाचित्तिय अपराधातून मोकळे होण्याचा मार्ग असा की सोबतच्या भिक्खूपुढे आपली चूक तोंडाने सांगायची. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी संघात जे चालत होते, तेच आमच्या खोलीत नव्हते. आपण प्रत्येक वंदनेत पंचशील पुन्हा का घेतो? एकदा घेतले की झाले, असे का नाही? कारण शील ही शिकत राहण्याची गोष्ट आहे. शिकणारा चुकतो, आणि चूक सांगितली तरच ती दुरुस्त होते.

जगभर गाजलेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना, जिला आपण ए. ए. म्हणतो, ती अशाच बोलण्यातून जन्मली. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन गावी बिल नावाचा शेअर दलाल कामानिमित्त गेला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. काम बिघडले, पाय दारूकडे वळू लागले. तेव्हा, दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो तरच आपण वाचू, असे त्याला वाटले. लोकांनी त्याची गाठ डॉक्टर बॉब या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरशी घालून दिली. दोघे तासन् तास बोलले. पण काही आठवड्यांत डॉक्टर बॉब एका परिषदेला गेले आणि पिऊन परत आले. बिलने त्यांना सोडले नाही. डॉक्टरांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा, आणि संघटनेची स्थापना त्याच दिवसापासून मोजतात. ज्या संघटनेने पुढे लाखोंना सावरले, तिचा एक संस्थापकच पहिल्या महिन्यात घसरला होता! त्या वेळी त्याला कोणी हार घालून बसविले असते, तर पुढचे काही घडले असते की नाही कोण जाणे.

आपल्या महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभे केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. तेथे पुष्कळसे समुपदेशक स्वतः एकेकाळी व्यसनात बुडालेले असतात. "मीही तुझ्याच जागी होतो," असे म्हणणारा माणूस समोर असला की नव्या माणसाचे तोंड उघडते. तेथे पत्नींसाठीही 'सहचरी' हा वेगळा गट आहे, आणि ती गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. त्याचे कारण लातूरला समजले.

आमची धाकटी बहीण लातूरला दिलेली आहे. तिच्या वस्तीत बरेचसे पुरुष अडत बाजारात हमाली करतात. दिवसभर पोती वाहून अंग मोडते, म्हणून संध्याकाळी देशीची सवय लागते. बहिणीने चार-पाच बायका जमवून गुरुवारची बैठक सुरू केली. पहिले चार गुरुवार रेशन, नळाचे पाणी आणि लेकरांची शाळा यांवरच बोलणे झाले. दारूचे नाव कोणी काढले नाही. पाचव्या गुरुवारी एक म्हातारी म्हणाली, "माझा लेक मागतो तवा मीच पैसे देते. नाही दिले तर सुनंला मारतो, म्हणून देते." सून तेथेच बसली होती. तिला हे ठाऊक नव्हते. सासू मुद्दाम पोराचे लाड करते, असेच ती समजत होती. त्या दिवशी सासू-सुना घरी एकत्र गेल्या, आणि पैसे देणे दोघींनी ठरवून बंद केले. मारहाण झाली तर शेजाऱ्यांना हाक मारायची आणि ११२ ला फोन करायचा, हेही ठरले. बोलणे म्हणजे मार सहन करणे नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

पुढच्या गुरुवारी दुसरीने तोंड उघडले. "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" अशी जाहिरात भिंतीवर वाचून तिने पुडी मागविली होती आणि नवऱ्याच्या चहात टाकीत होती. एके रात्री तो पिऊन आला. उलट्या झाल्या, छाती धडधडू लागली. दवाखान्यात नेले, पण भीतीने तिने डॉक्टरला पुडीचे सांगितलेच नाही. तो वाचला, हे नशीब. भगिनींनो, अशा पुडीत काय असते ते आपल्याला ठाऊक नसते. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा असे एक औषध डॉक्टरही देतात. परंतु ते रुग्णाला सांगून, तपासून देतात, कारण त्यावर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकते. चोरून बरे करण्याचा हा रोग नाही.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एका दिवसात दारू बंद करू नका. हात थरथरतात, घाम फुटतो. काहींना दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात, आणि त्यात प्राणही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग बैठक. नांदेडला आणि लातूरला दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे मानसोपचार विभागात जावे. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन १४४४६ आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार धरलेले आहेत, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्यात आहे. लोकांना कळेल म्हणून दवाखाना टाळू नये. दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाले होते. बाकीचे ३७ आपल्याच गल्लीत गप्प बसलेले आहेत.

आता आमची रविवारची बैठक कशी चालते, ते थोडक्यात सांगतो. आपल्या वस्तीत कोणाला सुरू करायची असेल तर उपयोग होईल. रजिस्टर बंद केले. सत्कारही बंद केला. खोलीतले बोलणे खोलीतच राहते. मुकादमाला, सोयऱ्याला किंवा निवडणुकीच्या उमेदवाराला ते सांगणाऱ्याला पुन्हा प्रवेश नाही. एक जण बोलतो तेव्हा बाकीचे मध्ये तोंड घालीत नाहीत, आणि विचारल्याखेरीज उपदेश करीत नाहीत. आपल्याविषयी बोलायचे, दुसऱ्याचे उणे काढायचे नाही. जो त्या दिवशी पिऊन आला, त्याला हाकलत नाही. त्याने बसावे, ऐकावे, बोलण्याची पाळी पुढच्या रविवारी. आणि सर्वांत पहिली पाळी, ज्याचा पाय घसरला असेल त्याची. त्याला "का प्यालास?" असे विचारीत नाही. "आता काय मदत करू?" एवढेच विचारतो.

या नियमांनी सारे सुधारले, असे आम्ही म्हणणार नाही. काही जण येतात, जातात, पुन्हा पितात. पण जे पितात ते आता येऊन सांगतात, हा फरक पडला आहे. मागील महिन्यात एक ऑटोवाला बांधव दाराशीच थांबला आणि म्हणाला, "भाऊ, काल प्यालो. आत येऊ का?" सगळे सरकून बसले आणि त्याला जागा झाली.

त्या वेळी आम्हाला सेंट्रिंगवाल्या बांधवाची आठवण झाली. तोही असाच दाराशी थांबला असता, तर त्याच्या मुलींना आज बाप असता. त्याची पत्नी हल्ली आमच्या वस्तीतल्या बायकांची बैठक चालविते. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकले, "इथं कुनाला हार-बिर घालायचा नाही. बोलायचं तेवढं बोला, आम्ही ऐकायला बसलोत."

जयभीम.