पेपरातला भाव आणि आपल्या हातात पडलेला भाव



दर्यापूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. बनोशात राहायला घर, गावाकडे तिघा भावांची सामाईक शेती. शेती पाहतात मोठे भासरे. त्यांनी तूर विकली आणि 6600 रुपये क्विंटल या हिशेबाने तिन्ही घरी पैसे दिले. बाईंनी त्याच दिवशीचा पेपर उघडला, तर तुरीचा भाव छापलेला 7200! त्या लिहितात, "विचारावं तर नातं बिघडेल, न विचारावं तर झोप लागत नाही. आणि तूर उतरली म्हणतात, तर वाण्याकडे डाळ का उतरत नाही?"

दोन्ही प्रश्न अगदी घरातले आहेत, म्हणून आज या सदरात लोणची-पापड बाजूला ठेवून बाजारभावाचा कागद वाचू या. वऱ्हाडातल्या निम्म्या घरांत दिवाळीचे कपडे, मुलांची फी, मुलीचे लग्न हे सारे या आकड्यांवर ठरते. तरी हा रकाना पुरुषांनी वाचायचा आणि आपण शेजारचे राशिभविष्य, असे का असावे?

प्रथम आकडे पाहा. बाजार समितीच्या भावात प्रत्येक मालापुढे चार आकडे असतात. आवक किती झाली, कमीत कमी भाव, जास्तीत जास्त भाव आणि सर्वसाधारण भाव. डोळा आपोआप जास्तीत जास्तवर जातो. पण तो भाव कदाचित एकाच ढिगाला, चार पोत्यांना मिळालेला असतो. बहुतेकांचा माल ज्या भावाने गेला, तो सर्वसाधारण. आपला हिशेब नेहमी या आकड्याशी ताडून पाहावा. आमच्या भगिनीने पाहिलेले 7200 हे जास्तीत जास्त असतील आणि सर्वसाधारण 6700 असेल, तर भासऱ्यांचे 6600 काही वावगे नाहीत.

दुसरे म्हणजे मालाची प्रत. एकाच शेतातल्या दोन वेचण्यांचा कापूससुद्धा सारखा नसतो. सरकारी खरेदीत कापसातला ओलावा 8 टक्के धरून पूर्ण भाव देतात, पुढच्या प्रत्येक टक्क्याला तेवढी कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. म्हणजे दव असताना सकाळी वेचलेला कापूस न वाळवता भरला, की पैसे तिथेच गेले. तुरीतही काडीकचरा, बारीक दाणा, डागी दाणा पाहतात. घरी आलेला माल दोन दिवस उन्हात पसरून चाळून घेणे हे काम बायकांच्या हातचे आहे, आणि त्याची मजुरी भावातच मिळते बरं का!

तिसरे, वजावट. हमाली, तोलाई कापून जी रक्कम हातात येते, तिला एकूण क्विंटलने भागले, की आकडा थोडा खाली येतोच. हे सगळे एका कागदावर लिहिलेले असते. तो कागद म्हणजे हिशेबपट्टी. वजन, भाव, वजावट आणि चुकाऱ्याची रक्कम तिच्यावर असते. खेडा खरेदीत दारावरूनच माल उचलला जातो, तेव्हा मात्र पट्टी मिळेलच असे नाही. तिथे निदान वहीत त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि वजन होताना घरचे कोणी काट्याजवळ उभे राहावे.

ही पट्टी आपल्याला सहज मिळालेली नाही. पूर्वी व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. समोर उभ्या शेतकऱ्याला आपला माल कितीला गेला, हे कळायचेच नाही. उघड लिलाव, तपासलेला काटा, लेखी हिशेब हे पुढे कायद्याने आले, आणि त्याची सुरुवात आपल्या वऱ्हाडातली आहे. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंज्यात 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. महाराष्ट्राचा आजचा बाजार समित्यांचा कायदा 1963 चा. तेव्हा पट्टी पाहायला मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे. ती असतेच मुळी पाहण्यासाठी.

"पण काल एक भाव, आज दुसरा, हे कसे?" असे तुम्ही म्हणाल. आपला दर्यापूर भाग पडला खारपाणपट्ट्यात. विहिरी-बोअरचे पाणी खारे, शेती बहुतेक पावसावर. त्यामुळे सगळ्यांचे पीक एकदमच निघते. मूग-उडीद पोळ्याच्या आगेमागे, सोयाबीन दसरा-दिवाळीला, कापूस दिवाळीपासून पुढे, तूर संक्रांतीच्या सुमारास, हरभरा होळीच्या आसपास. उधारी सगळ्यांचीच डोक्यावर, म्हणून विकायची घाईही सगळ्यांना एकदम. आवक वाढली की भाव बसतो.

त्यात भर बाहेरच्या जगाची. तूर म्यानमार, टांझानिया, मोझांबिकहून येते. 2025 च्या ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत चालली, म्हणजे आपल्या वेचणीच्या ऐन दिवसांत. उलट 2022 च्या उन्हाळ्यात कापूस 10 हजारांच्या वर गेला होता, पण तोवर बहुतेकांच्या घरातला कापूस विकून झालेला होता.

मग हमीभाव कशाला? 2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव 8000 आणि कापसाचा मध्यम धाग्याला 7710, लांब धाग्याला 8110 रुपये जाहीर झाला. पण हा भाव सरकारी खरेदी केंद्रावर मिळतो, व्यापाऱ्याच्या दारात नाही. त्यासाठी वेळेत नाव नोंदवावे लागते, सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, बँकेचे खाते आधारशी जोडलेले लागते. कापसाची नोंदणी 2025 पासून मोबाइलवरच्या 'कपास किसान' या अ‍ॅपवर करावी लागू लागली. या कागदांची पिशवी पेरणीच्या वेळीच तयार करून ठेवली, तर हंगामात धावपळ होत नाही. घरातली कॉलेजला जाणारी मुलगी हे काम चहा होईपर्यंत करून देईल.

आता डाळीचा प्रश्न. क्विंटलभर तुरीची गिरणीनुसार साधारण 70 ते 75 किलो डाळ पडते, बाकी चुनी-कोंडा. समजा तूर 7200 रुपये आहे आणि डाळ पडली 72 किलो. म्हणजे नुसत्या तुरीपोटीच किलोला 100 रुपये झाले. त्यात भरडाई, वाहतूक, ठोक आणि किरकोळ व्यापाऱ्याचा नफा धरा, चुनीचे पैसे वजा करा. वाण्याच्या दुकानात आज असलेली डाळ त्याने आधीच्या भावाने भरलेली असते, म्हणून तूर उतरली तरी डाळ मागून उतरते. चढताना मात्र ती लगेच चढते, हे आपण सगळ्याच जाणतो! यावर उपाय जुनाच आहे. जानेवारी ते मार्चमध्ये, आवक भरपूर असताना, वर्षाची तूर घ्यावी, डाळ करून घ्यावी आणि कडक ऊन दाखवून कोरड्या डब्यात भरावी. घेण्याआधी वरचा हिशेब करून पाहावा. किलोमागे फरक पाच-सात रुपयांचाच असेल, तर एवढी यातायात करू नये.

जनावरांचा बाजारही याच धाग्याने बांधलेला आहे. कापसातून निघते सरकी, सरकीची होते ढेप. ढेप महागली की गवळी दुधाचे पैसे वाढवतो. कुटार-कडबा कमी पडला की लोक जनावरे विकायला काढतात आणि बैलाचा भाव पडतो. तोच बैल पेरणी तोंडावर आली की महाग होतो.

शेळीचे मात्र नीट ऐका, कारण शेळी पुष्कळदा घरातल्या बाईची असते. आपल्याकडची बेरारी जातीची शेळी हीच गरिबाघरची बँक. दवाखान्याचा खर्च आला की बोकड बाजारात जातो आणि गरज ओळखून व्यापारी नजरेनेच भाव ठरवतो. तेव्हा विकण्याआधी काट्यावर वजन करून घ्या आणि किलोच्या भावाने बोला. श्रावणात मटणाला गिऱ्हाईक कमी, बकरी ईदच्या आधी बोकडाला मागणी जास्त. ही ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2025 मध्ये ती 7 जूनला होती. कॅलेंडर पाहून बोकड राखला, तर तोच बोकड चार पैसे जास्त देतो.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीला. बाई, "भाऊजींनी पैसे खाल्ले का?" असे यजमानांना विचारू नका. त्यांना एवढेच म्हणा, "तिन्ही घरांची एक वही करू या. तिच्यात पट्ट्या चिकटवू, बी-खताची उधारी आणि बँकेचे कर्जही लिहू." वही आली की भासऱ्यांचा कष्टाचा हिशेबही उजेडात येईल. फवारणीचे, मजुरीचे, गाडीभाड्याचे किती पैसे त्यांनी पदरचे घातले, हे कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. भाव खरोखर कमी निघाला, तर वही दाखवून विचारता येईल आणि बरोबर निघाला, तर तुमची झोप परत येईल.

यामागे याहून मोठे कारण आहे. कर्ता माणूस अचानक गेला, की आपल्याकडच्या कितीतरी बायकांना कर्ज कोणाचे, चुकारा कोणाकडे राहिला, सातबाऱ्यावर नाव कोणाचे, यातले काहीच ठाऊक नसते. दारात सावकार उभा राहतो आणि तो सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो. असे दु:ख विदर्भाने फार पाहिले आहे. माणूस हयात असताना, घर सुखात असताना हिशेब विचारणे हे अपशकुनाचे नाही, शहाणपणाचे आहे.

तर उद्यापासून एवढे करा. वहीचे एक पान घ्या. आपल्या घरातल्या दोन मालांचा सर्वसाधारण भाव आणि आवक आठवड्यातून दोनदा तारखेसह लिहा. विक्री झाली की पट्टी त्याच पानावर टाचा. ढेप, दूध, तूरडाळ यांचे भाव खाली लिहा. एक हंगाम असे लिहिलेत, की पुढच्या वर्षी "थांबावं की विकावं?" असा प्रश्न घरात निघाला, तर चहाचा कप पुढे करताना तुम्ही आपले मत सांगाल आणि सगळे ते ऐकून घेतील.