शिलाईच्या टेबलावरचा दिवा

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत शिलाई मशीनचा आवाज सहरीपर्यंत थांबत नाही. दिवसा रोजा, मुलं, इफ्तारीची तयारी. कपडे शिवायला हात मोकळे होतात ते तरावीहनंतर. गेल्या वर्षी शेजारच्या आपांनी गिऱ्हाइकाचा गडद निळा कुर्ता रात्रीत शिवून संपवला आणि सकाळी खिडकीत धरून पाहिला, तर दोरा काळा! उसवण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात दुसरा कुर्ता झाला असता. "डोळे गेले गं माझे," म्हणाल्या. डोळे ठीक होते. चूक टेबलावरच्या जुन्या पिवळ्या बल्बची होती.

तारेच्या पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा भाग फार कमी असतो. निळ्या कापडाला परत पाठवायला निळा उजेडच मिळाला नाही, तर ते काळंच दिसणार. आपांनी मग पांढरा स्वस्त एलईडी आणला. निळा-काळा ओळखू येऊ लागला, पण नवरीच्या मरून शराऱ्याला दोरा लावताना घोटाळा झाला. मरून विटकरी दिसत होता. म्हणजे बल्ब घेताना प्रश्न दोन आहेत आणि आपण बहुतेक वेळा वॅट सोडून काहीच विचारत नाही.

पहिला प्रश्न उजेडाच्या छटेचा. ती केल्विनमध्ये लिहिलेली असते : २७०० ते ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. दुसरा प्रश्न रंग किती खरे दिसतात याचा; त्याचा आकडा म्हणजे सीआरआय, कमाल १००. बाजारातल्या साध्या एलईडीचा तो ८० च्या आसपास असतो. पिवळ्या बल्बचा जवळजवळ १०० असतो, तरीही आपांचा दोरा चुकला, कारण हा आकडा त्याच छटेच्या आदर्श उजेडाशी तुलना करून काढतात. म्हणून दोन्ही आकडे एकत्र बघायचे.

त्यातही एक मेख आहे. सीआरआय ही आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांवरची सरासरी. गडद लाल हा नववा नमुना, तो सरासरीत धरतच नाहीत. पोराला एकूण ऐंशी टक्के मिळावेत, पण नापास झालेला विषय गुणपत्रिकेत छापलेलाच नसावा, तसं हे. एलईडीत मुळात निळा उजेड निघतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो; स्वस्त लेपात लाल कमी पडतो. आपल्याकडे लग्नाच्या कपड्यांत लालच जास्त.

उजेडावर हा अविश्वास जुन्या धंद्यांना ठाऊक आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथले व्यापारी आजही हळकुंड मोडून आतला रंग पाहतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जुन्या सतारीला नवा तुकडा बसवून पॉलिश जुळवायचं झालं, तर पिवळ्या दिव्याखाली तांबूसपणा फसवणारच. दोन कापडं दुकानात जुळतात आणि अंगणात वेगळी पडतात, तेही यामुळेच : दोघांचे रंग वेगवेगळ्या मिश्रणांतून आलेले असतात, एका उजेडात सारखे, दुसऱ्यात नाही.

आता खरेदी. शिलाईसाठी ४००० ते ५००० केल्विन आणि सीआरआय ९० च्या वर, ९५ मिळाला तर उत्तम. खोक्यावर 'आर ९' लिहिलं असेल तर तो ५० च्या वर हवा. सीआरआय छापलेलाच नसेल तर बल्ब साधा समजा. माझ्या मते ६५०० चा ८० वाला घेण्यापेक्षा ४००० चा ९० वाला बरा, जरी तो दुकानात कमी उजळ वाटला तरी. मोबाइलवरून रंग बदलणारे बल्ब या कामाला नकोत. वॅट ९ पुरतात, दिवा जवळ असेल तर. शेड आतून पांढरी हवी, आणि भिंत हिरवी असेल तर टेबल तिच्यापासून थोडं लांब. तो हिरवा कापडावर उतरतो.

दुकानात जाताना एक पुठ्ठा न्या. काळा, गडद निळा, बाटली हिरवा, मरून, तपकिरी, पांढरा आणि मोतिया, अशा चिंध्या त्यावर चिकटवा आणि जोहरच्या सुमारास, उन्हात नव्हे, उत्तरेच्या खिडकीत नीट पाहून घ्या. मग दुकानदाराला दोन बल्ब लावून दाखवायला सांगा.

पांढऱ्याचं मात्र वेगळं. कापडातली चमक आणणारी रसायनं उन्हातल्या अतिनील किरणांनी उजळतात आणि एलईडीत ते जवळजवळ नसतात. ईदच्या पांढऱ्या कुर्त्याची कॉलर आणि अंग वेगवेगळ्या ताग्यातलं असेल तर रात्री कळणारच नाही, ईदगाहवर कळेल.

(काळ्या-पांढऱ्या धाग्यावरून हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांची आठवण येते. सहरीची वेळ कळावी म्हणून त्यांनी खरोखरच दोन दोरे उशीखाली ठेवले होते. नबी (स.) यांनी समजावलं, की तो रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड.)

आपांनी आता ९५ वाला बल्ब लावला आहे. तरीही असरच्या आधी त्या प्रत्येक कापडावर त्याचं रीळ टाचणीने अडकवून ठेवतात आणि रात्री फक्त शिवतात.